हमीदाबानू पहिलवान

सातारा व सांगली या जिल्ह्यांची माती ही मल्लांची माती होय. साताऱ्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. सांगलीतील कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. परंतु स्त्रीने आखाड्यात उतरावे, हे त्या काळी लोकांना रुचत नसे. अशा काळात कुस्ती हाच व्यवसाय पत्करणाऱ्या धैर्यशाली स्त्री म्हणजे हमीदाबानू.

मिर्झापूरच्या मल्लांनी हेटाळणी केली, तेव्हा गाव सोडून त्या अलीगढला गेल्या व सलाम पहिलवानांजवळ कुस्ती शिकल्या. पुढे त्या पुरुषांशीही लढू लागल्या. आपणास कुस्तीत जिंकणाऱ्या पुरुषाशीच आपण विवाह करू, असा पण त्यांनी १९५४ साली जाहीर केला. त्याच वर्षी बडोद्यास बाबा पहिलवानांना त्यांनी अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्टिलिन यांना हरविण्यास तर एक मिनिटही लागले नाही.

तथापि विरोध संपला नाही. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती तेथील कुस्तीसंघाच्या हरकतीमुळे रद्द झाली. त्यांच्या कुस्त्या लुटुपुटीच्या असतात, असाही प्रवाद उठला. कुस्त्यांवर बंदी आली, तेव्हा मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागण्यास त्या कचरल्या नाहीत.

उतारवयात कल्याण येथे दूध विकून त्यांनी कष्टाने उदरनिर्वाह केला. १९८६ साली त्या निवर्तल्या.

२०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी विजयी झाल्या. हमीदाबानूंना ज्या मातीसाठी झगडावे लागले, त्या मातीत आज मुली मानाने उतरत आहेत.