डॉ. सेन, एक हृदय आणि राहून गेलेले आभार

फेब्रुवारी १९६८. मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका तरुण रुग्णाच्या छातीत दुसऱ्या व्यक्तीचे हृदय बसवले. मानवी हृदयाचे हे जगातील सहावे आणि आशियातील पहिले प्रत्यारोपण. हृदय धडधडू लागले, पण रुग्ण जेमतेम तीन तास जगला.

सेन यांचा जन्म १९१५ साली कोलकात्यात झाला. सुरुवातीचे शिक्षण नागपुरात आणि वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात झाले. पुढे आयुष्यभराची कर्मभूमी ठरली ती त्याच आवारातील केईएम. महापालिकेच्या या रुग्णालयात गरिबांची रीघ आणि साधने तुटपुंजी. तरीही हृदयशस्त्रक्रियेची नवी वाट तिथेच घडत गेली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला रक्त कसे मिळते, यावरून त्यांनी हृदयविकारावर एक नवा उपाय सुचवला होता. चित्रकलेतही ते रमत.

प्रत्यारोपणाचा निर्णय अचानक घेतलेला नव्हता. डॉ. जी. बी. पारुळकर आदी सहकाऱ्यांसह त्यांनी कुत्र्यांवर हृदय प्रत्यारोपणाचे अनेक प्रयोग केले होते. डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिले मानवी प्रत्यारोपण केले, तेव्हा केईएमचा चमू तयारीत होता.

त्या रात्रीचे हृदय होते रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या वीस वर्षांच्या एका तरुणीचे. शस्त्रक्रिया पार पडली. मात्र रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तदाब फार वाढलेला होता. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना नव्या हृदयाची उजवी बाजू थकली. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रत्यारोपणातील रुग्णही काही तासच जगला.

तेव्हा मेंदूमृत्यूची सर्वमान्य व्याख्या नव्हती. हार्वर्डच्या समितीने त्याचे निकष मांडले ते ऑगस्ट १९६८ मध्ये. भारतात तर त्यासाठी कायदाच नव्हता. १९६९ साली सेन यांना पद्मभूषण मिळाले, पण प्रत्यारोपणाचे काम थांबले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. शरीराने नवा अवयव नाकारू नये यासाठीचे सायक्लोस्पोरिन हे औषध त्यानंतरच सर्रास वापरात आले.

महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशच्या विधिमंडळांनी ठराव केल्यानंतर संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. आता चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मेंदूमृत्यू ठरवते. प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना त्या मंडळात स्थान नसते. मुंबईत पुन्हा हृदय प्रत्यारोपण यशस्वी झाले ते ऑगस्ट २०१५ मध्ये, तब्बल ४७ वर्षांनी. ते हृदय पुण्याहून आले होते.

सेन यांचे नाव वैद्यकाच्या इतिहासात राहिले. त्या तरुणीच्या घरच्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. कोणतेही हृदय प्रत्यारोपण शल्यविशारदाच्या हाती येण्याआधी एका घरावर आकाश कोसळलेले असते. यंत्राच्या आधाराने छाती हलत असते, हात उबदार लागतो आणि माणूस गेला आहे हे मन मानत नाही. नेमक्या त्या वेळी आई-वडिलांनी, पतीने किंवा मुलांनी होकार द्यायचा असतो. एका होकारातून हृदय, यकृत, दोन मूत्रपिंडे असे अनेकांना जीवदान मिळू शकते.

दाता आणि रुग्ण यांची ओळख गुप्त ठेवली जाते, म्हणून समोरासमोर आभार मानणे बहुधा शक्य होत नाही. ३ ऑगस्टच्या भारतीय अवयवदान दिनी दात्यांच्या कुटुंबीयांचा सत्कार होतो, तो त्यासाठीच. परभणीसह मराठवाड्यातील अवयवदानाचे समन्वयन छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय केंद्रातून चालते. अवयवदानाचा आपला विचार घरच्यांना आधीच सांगून ठेवला, तर कठीण घडीला त्यांच्यावरचे ओझे हलके होते. आणि आपल्या गावात एखाद्या कुटुंबाने असा होकार दिला असेल, तर वर्षश्राद्धाला त्यांच्या दारी जाऊन गेलेल्या माणसाचे नाव आदराने घ्यावे. १९६८ मधल्या त्या घराचे आभार मानायचे राहून गेले. पुढच्या घरांचे तरी राहू नयेत.