बाटली नंबर ५३-एन

प्लेगची लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिनचं करिअर एका बाटलीनं संपवलं. ती नक्की कुठे नासली, लॅबमध्ये की वाटेत? सॅम्पल घेणाऱ्या आणि पोचवणाऱ्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावी अशी ही गोष्ट.

गोखिवऱ्यात वसई फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी सातला उभे राहा. कंपन्यांकडे आणि स्टेशनकडे निघालेल्या गर्दीत खांद्याला थंड पेटी अडकवलेलं एखादं पोरगं नाहीतर पोरगी दिसेलच. डीएमएलटी झालेली, नाहीतर अजून शिकत असलेली. घरोघरी जाऊन सॅम्पल घ्यायचं, कलेक्शन सेंटरला जमा करायचं. साध्या तपासण्या जवळच होतात, मोठ्या मॉलेक्युलर तपासणीचं सॅम्पल मात्र मुंबईला जातं. कदाचित तुम्हीच त्यांच्यातले एक असाल.

या कामाला कुणी फारसं मोजत नाही. मशीन मोठं, रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर मोठे, आणि पेटी नेणारा म्हणजे काय, तर डिलिव्हरी बॉय! असं वाटत असेल तर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला ज्याचं नाव आहे त्या माणसाचं काय झालं ते वाचा.

ओडेसाहून भायखळ्याला

हाफकिन जन्मला १८६० मध्ये ओडेसा शहरात. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. ज्यू घरातला मुलगा. प्राणिशास्त्र शिकला, पण त्या काळच्या रशियात ज्यू माणसाला प्राध्यापकी मिळणं जवळजवळ अशक्य. मग जिनिव्हा, तिथून पॅरिस. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याला पहिली नोकरी मिळाली ती ग्रंथालयात. पुस्तकं सांभाळून उरलेल्या वेळात तो प्रयोगशाळेत बसायचा. त्यातूनच कॉलऱ्याची लस तयार झाली. जुलै १८९२ मध्ये त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी तो कलकत्त्याला आला.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर. लोक भराभर मरत होते, जमेल तो मुंबई सोडून गावाकडे पळत होता. तो काळ किती वाईट होता? पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ ला गेल्या, एवढं सांगितलं तरी पुरे.

सरकारनं हाफकिनला ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईला बोलावलं. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला काय मिळालं? एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. बस. प्लेगचे जंतू त्यानं मांसाच्या पाण्यात वाढवले आणि वर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. मग ते उष्णतेनं मारायचे, की झाली लस. १० जानेवारी १८९७ ला त्यानं स्वतःला टोचून घेतलं, तेही पुढे लोकांना दिला त्याहून मोठा डोस. ताप आला, अंग ठणकलं, पण तो उठला.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांनाच लस दिली. लस न घेतलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला, सहा दगावले. लस घेतलेल्यांत दोघांनाच झाला आणि दोघंही वाचले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा थाटली गेली आणि तिथून देशभर बाटल्या जायला लागल्या.

मुलकोवालचा दिवस

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव. १०७ जणांना लस टोचली, त्यासाठी पाच बाटल्या उघडल्या. काही दिवसांत १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले.

प्रत्येक बाटलीवर नंबर होता, म्हणून एक गोष्ट लगेच कळली. हे १९ जण एकाच बाटलीतले होते. नंबर ५३-एन. बाकी चार बाटल्यांतली लस घेतलेले ८८ जण धडधाकट होते. म्हणजे लशीच्या शोधात खोट नव्हती, त्या एका बाटलीत काहीतरी शिरलं होतं. पण कुठे? ४१ दिवसांपूर्वी परळला भरताना? वाटेत? की गावात उघडताना?

चौकशी समिती बसली. मागणी वाढल्यावर हाफकिननं काम लवकर व्हावं म्हणून लशीत कार्बोलिक अॅसिड घालणं थांबवलं होतं, फक्त उष्णतेवर भरवसा ठेवला होता. समितीनं तेच धरलं. बाटली उघडण्याआधीच नासलेली होती, म्हणजे दोष परळचा, म्हणजे हाफकिनचा. त्याचं पद गेलं. तो लंडनला गेला आणि पुढची काही वर्षं स्वतःची बाजू मांडत फिरला.

पडलेला चिमटा

चौकशीतच आणखी एक गोष्ट बाहेर आली होती. बाटलीचं बूच ज्या चिमट्यानं काढायचं, तो मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. नीट निर्जंतुक न करता तो तसाच वापरला गेला. आणि धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत! शिवाय उघडताना बाटलीला कुबट वास आला नव्हता. जंतू ४१ दिवस आत वाढत असते तर तो यायला हवा होता.

चौकशीची कागदपत्रं प्रसिद्ध व्हायलाच काही वर्षं गेली. मग मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस पुढे आले. १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिनला निर्दोष म्हटलं. त्याच वर्षी त्याला परत नोकरी मिळाली, पण परळची त्याची प्रयोगशाळा नाही. कलकत्त्याला बसवलं आणि नव्या लशींच्या चाचण्यांना परवानगी नाकारली. काही वर्षांनी तो निवृत्त होऊन युरोपात निघून गेला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारला.

तुमच्या पेटीशी याचा काय संबंध?

त्याची बाटली लॅबमधून गावाकडे गेली, तुमची ट्यूब घरातून लॅबकडे जाते. दिशा उलटी, प्रश्न तोच. मधल्या वाटेवर काय झालं ते कोण सांगणार?

मॉलेक्युलर तपासणीत हा प्रश्न जास्तच नाजूक होतो. पीसीआरचं मशीन जंतूच्या जनुकीय धाग्याच्या प्रती काढतं, दर फेरीला दुप्पट. एकाच्या तीस फेऱ्यांत शंभर कोटींहून जास्त! त्यामुळे एका पेशंटचा कणभर अंश हातमोज्यावरून दुसऱ्याच्या ट्यूबमध्ये गेला, तर मशीन तो इमानदारीनं वाढवून दाखवेल. ज्याला आजार नाही त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. उलटंही होतं. कोरोनासारख्या विषाणूचा आरएनए उष्णतेत लवकर तुटतो. पेटी दुपारभर उन्हात राहिली तर खऱ्या आजारी माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. तो घरी जाणार, घरच्यांना लागण देणार. कोरोनात हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आणि कस्तुरबा रुग्णालयात अशाच ट्यूब तपासल्या गेल्या. तिथल्या मशीनला वाटेतली चूक दुरुस्त करता येत नाही.

म्हणून आपली चूक सांगायला घाबरू नका. ट्यूब पडली, गळली, उशीर झाला, तर फॉर्मवर लिहा आणि सॅम्पल पुन्हा घ्या. पेशंट चिडेल, सेंटरवर बोलणी बसतील. पण मुलकोवालला तो पडलेला चिमटा बाजूला ठेवून दुसरा घेतला असता, तर कदाचित १९ माणसं त्या दिवाळीनंतरही आपल्या घरात असती.

पेटी उचलण्याआधी

• नाव, वय आणि नंबर पेशंटसमोरच ट्यूबवर लिहा. फॉर्मशी ताडून पाहा. घरी जाऊन लेबल लावू, हे नको.

• प्रत्येक पेशंटला नवे हातमोजे.

• नाका-घशाचा स्वॅब नायलॉन किंवा डॅक्रॉनचा हवा. कापूस आणि लाकडी काडी पीसीआरमध्ये अडथळा आणतात.

• पीसीआरसाठी रक्त सहसा जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. हिरव्या झाकणातलं हेपरिन तपासणी बिघडवतं.

• टीबीच्या तपासणीला तोंडातली लाळ चालत नाही, खोल खोकून काढलेला बेडका हवा.

• तीन आवरणं: घट्ट बंद ट्यूब, तिच्याभोवती शोषून घेणारा कागद घालून न गळणारी पिशवी किंवा डबा, आणि बाहेर टणक पेटी. फॉर्म ट्यूबसोबत आत कोंबू नका, वेगळ्या पिशवीत ठेवा.

• विषाणूच्या स्वॅबसाठी तापमान २ ते ८ अंश. आइस पॅक गोठलेले आहेत ना, निघण्याआधी हात लावून पाहा.

• सॅम्पल कधी घेतलं, कधी दिलं, कुणी घेतलं, या तिन्ही नोंदी करा.