डॉ. हाफकिन आणि जमिनीवर पडलेला चिमटा

विज्ञान प्रकल्पांचे दिवस आले की आम्हांला डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची आठवण होते. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेल्या या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९८ साली आपल्या हुबळीत साथ भडकली, तेव्हा येथील हजारो लोकांनी हीच लस घेतली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पद सोडावे लागले. पुढे उलगडा झाला तो असा: गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, नुसत्या धुण्याने मरत नाहीत. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ साली तिला त्यांचे नाव मात्र मिळाले. १९३० साली ते लोझान येथे वारले.

बुरशी वाढविणाऱ्या मुलांनो, बशीचे झाकण उघडू नका. प्रयोग संपल्यावर ती प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक केल्याशिवाय टाकायची नाही. त्यासाठी वेगळा कुकर विश्वस्त मंडळींनी मनावर घ्यावा. आणि हातातून काही पडले तर बाईंना लगेच सांगा. ओरडा बसणार नाही, तसे आम्ही बोलून ठेवले आहे.