अ-आ शिकविणारे विद्यासागर

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंतचे. तरीही मी ईश्वरचंद्र विद्यासागरांचे नाव निवडले. विधवाविवाहाचा कायदा व्हावा म्हणून झटलेले बंगालचे पंडित, एवढी त्यांची ओळख आपल्यापैकी पुष्कळ भगिनींना आहे. मला ते जवळचे वाटतात ते दुसऱ्या एका कामामुळे. एवढ्या मोठ्या विद्वानाने लहान मुलांसाठी अ-आ चे पुस्तक लिहिले आणि एवढासा ऱ्हस्व ‘अ’ मुलाच्या तोंडी नीट कसा बसेल याचीही काळजी वाहिली.

ईश्वरचंद्रांचा जन्म २६ सप्टेंबर १८२० रोजी बंगालमधील वीरसिंह या खेड्यात झाला. वडिलांचे नाव ठाकुरदास आणि आईचे भगवतीदेवी. घरी विद्या होती, पण गरिबीही तितकीच होती. वडील कलकत्त्यास लहानशा पगारावर नोकरी करीत. ईश्वरचंद्र आठ वर्षांचे झाल्यावर वडील त्यांना शिक्षणासाठी कलकत्त्यास घेऊन निघाले. प्रवास पायीच होता. वाटेत रस्त्याच्या कडेला दगड रोवलेले पाहून मुलाला वाटले, मसाला वाटावयाचे पाटे येथे कोणी पुरून ठेवले? वडिलांनी हसून सांगितले की हे मैलाचे दगड असून त्यांवर इंग्रजी आकडे कोरलेले आहेत. एकोणिसाव्या मैलापासून मुलगा एकेक आकडा ओळखत चालला. परीक्षा पाहावी म्हणून वडिलांनी सहावा दगड त्याच्या नजरेस पडू दिला नाही आणि एकदम पाचवा दाखविला. मुलाने लगेच सांगितले की येथे सहा हवा होता, चुकून पाच कोरला आहे. ना पाटी, ना छडी, चालता चालता आकडे येऊन गेले. पाहावे, ओळखावे आणि पुढे जावे, ही शिकण्याची रीत पुढे त्यांच्या पुस्तकातही उतरली असे मला वाटते.

१८२९ साली ते संस्कृत कॉलेजात दाखल झाले. बिऱ्हाडी वडील व धाकटी भावंडे यांचा स्वयंपाक तेच करीत. चुलीपुढे बसून, भांडी घासून उरलेल्या वेळात त्यांनी व्याकरण, काव्य, न्याय, वेदान्त असा अभ्यास केला. १८३९ साली त्यांना ‘विद्यासागर’ ही पदवी मिळाली. १८४१ मध्ये ते फोर्ट विल्यम कॉलेजचे मुख्य पंडित झाले आणि १८५१ मध्ये संस्कृत कॉलेजचे प्राचार्य. त्या कॉलेजचे दार तोवर ब्राह्मण व वैद्य मुलांनाच उघडे होते. ते त्यांनी इतरांसाठीही उघडले.

१८५५ साली सरकारने त्यांच्याकडे शाळा तपासण्याचेही काम सोपविले. चार जिल्ह्यांत हिंडून त्यांनी प्रत्येकी पाच, अशा २० आदर्श शाळा उभ्या केल्या. शाळा निघाल्या, परंतु लहान मुलांच्या हाती देण्याजोगी पुस्तके फार थोडी होती. त्याच वर्षी त्यांनी ‘वर्णपरिचय’ या पुस्तकाचे दोन भाग लिहिले. पहिल्या भागात साधी अक्षरे आणि काना-वेलांटीचे शब्द आहेत. जोडाक्षरे सगळी दुसऱ्या भागात ठेवली आहेत. गोपाळ हा शहाणा मुलगा आणि राखाल हा खोडकर मुलगा पहिल्याच भागात भेटतात. आमच्या शेजारी राहणाऱ्या बंगाली बाईंनी हे पुस्तक मला दाखविले आणि त्यातील शब्द वाचून ऐकविले. अजूनही ते छापले जाते.

आता त्यांनी स्वरांचे काय केले ते सांगते. पूर्वी बंगाली मुलांना सोळा स्वर घोकावे लागत. त्यातील दीर्घ ऋ आणि दीर्घ ऌ बंगालीत कोठेच लागत नाहीत, म्हणून विद्यासागरांनी ते काढून टाकले. अनुस्वार व विसर्ग स्वरांतून उचलून व्यंजनांत नेले. अशा रीतीने सोळाचे बारा स्वर झाले. ‘क्ष’ हे जोडाक्षर आहे म्हणून ते मुळाक्षरांतून गेले. बोलण्यात ज्यांचा उच्चार वेगळा होतो अशा ड, ढ, य यांच्या खाली टिंब असलेल्या अक्षरांना मात्र त्यांनी स्वतंत्र जागा दिली. संस्कृताच्या एवढ्या मोठ्या पंडिताने परंपरेने आलेली अक्षरे बाजूला सारावी, याला धैर्य लागते. मुलाच्या तोंडी काय येते हे त्यांनी आधी पाहिले.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न बंगालीत आपल्यापेक्षा अवघड आहे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, हे दोन्ही शब्द बंगाली माणूस सारखेच उच्चारतो. लिहिताना मात्र फरक करावा लागतो. म्हणून ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई यांचे शब्द त्यांनी वेगवेगळ्या पाठांत दिले. कानाला भेद कळत नसेल तर निदान डोळ्याला तो सवयीचा व्हावा, असा त्यात हिशेब दिसतो.

सर्वांत मला नवल वाटले ते ‘अ’ चे. पुस्तक घरोघर पोचल्यावरही विद्यासागर ते सुधारीत राहिले. साठाव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी शिक्षकांना दोन गोष्टी समजावल्या आहेत. मुले ‘अ’ न म्हणता ‘स्वरातला अ’ असे म्हणतात, तसे न करता त्यांना नुसता ‘अ’ म्हणावयास शिकवावे, ही पहिली. दुसरी गोष्ट शब्दाच्या शेवटी असणाऱ्या अ ची. बंगालीत ‘जल’ म्हणताना ल पाय मोडल्यासारखा उच्चारतात. पण चांगला या अर्थाचा शब्द जुन्या पद्धतीने ‘भाल’ असा लिहून ‘भालो’ असा म्हणतात. लिहिण्यात दोहोंत काही फरक नाही, मग मुलाला कळावे कसे? म्हणून ज्या शब्दांत शेवटचा अ उच्चारावयाचा, त्यांच्या शेजारी त्यांनी एक खूण छापली.

ही गोष्ट आपल्याही उपयोगाची आहे. आमच्या वाड्यातील चार-पाच मुले संध्याकाळी माझ्याकडे वाचावयास बसतात. क ला पहिली वेलांटी, त ला पहिला उकार, असे ती तालावर म्हणतात. पण शब्द वाचावयास सांगितला की गप्प. वेलांटीचे नाव पाठ असते, तिचा आवाज ठाऊक नसतो. मी आता नावे बाजूला ठेवून नुसता आवाज काढावयास सांगते. इ म्हणताना झटकन थांबा, ई म्हणताना जरा लांबवा. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा, असे जोडीने म्हणवून घेते. ‘घर’ मधला र आणि ‘पत्र’ मधला त्र यांच्या शेवटी काय ऐकू येते, ते मुलांनाच विचारते. ती बरोबर सांगतात.

विद्यासागरांना हा ‘अ’ केवळ मुलांच्या तोंडी घालावयाचा नव्हता. १८४९ मध्ये बेथून साहेबांनी कलकत्त्यास मुलींची शाळा काढली. तिचे मानद चिटणीस म्हणून ते काम पाहू लागले. मुलींना आणणाऱ्या गाडीवर, मुलीलाही जतनाने वाढवावे व शिकवावे अशा अर्थाचे संस्कृत वचन लिहिलेले असे. नोव्हेंबर १८५७ ते मे १८५८ एवढ्या काळात त्यांनी खेड्यापाड्यांत मुलींच्या ३५ शाळा काढल्या. त्यांत सुमारे १३०० मुली शिकू लागल्या. सरकारने मात्र या शाळांना कायमची मदत नाकारली. शिक्षकांचे पगार थकले आणि तो भार त्यांच्या अंगावर आला. १८५८ मध्येच त्यांनी सरकारी नोकरी सोडली. शाळांसाठी वर्गणी गोळा करून, पदरचे घालून ते झटत राहिले.

त्याआधी १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला होता. त्याच वर्षी ७ डिसेंबर रोजी कलकत्त्यास या कायद्याखालील पहिला विवाह त्यांनी घडवून आणला. अशा विवाहांचा खर्च सोसून ते कर्जबाजारी झाले. १८७० मध्ये त्यांच्या मुलानेही विधवेशीच लग्न केले. या विषयावरील त्यांचे पुस्तक आपल्या मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणले, आणि महाराष्ट्रातील चळवळीला त्याचा आधार झाला.

उतारवयात शहरातील लोकांना कंटाळून ते कर्माटाड येथे संथाळ लोकांत जाऊन राहू लागले. तेथे त्यांना होमिओपथीची औषधे देत, शिकवीत. तेथील रेल्वे स्टेशनला आज विद्यासागर हेच नाव आहे. २९ जुलै १८९१ रोजी कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले.

त्या १३०० मुलींपैकी कितीजणी पुढे शिकू शकल्या असतील कोण जाणे. पुष्कळशा लवकरच सासरी गेल्या असतील. पण ज्यांच्या कानावर एकदा ‘अ’ नीट पडला, त्यांना पत्र वाचता आले असेल, हिशेब पाहता आला असेल. आपण थोड्या शिकलेल्या बायका याची किंमत जाणतो. तेव्हा भगिनींनो, घरातले लहान मूल पुस्तक घेऊन जवळ आले तर स्वयंपाकाची घाई आहे म्हणून त्याला परत पाठवू नका. चुलीपुढे बसून शिकलेल्या विद्यासागरांचे स्मरण करा, आणि भाजी चिरता चिरता त्याच्याकडून नुसता ‘अ’ म्हणवून घ्या.