देशोधडीस लागलेल्यांची माऊली : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा स्वीकारला होता. तरीही निराश्रितांच्या सेवेचा विषय निघाला की वारजे परिसरातील श्रद्धावंतांनी प्रथम दौंडच्या वाटेवरील केडगावकडे पाहावे, असे मला वाटते.

२३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या रमाबाईंनी ही फरफट स्वतः सोसली होती. दुष्काळात आईवडील व बहीण गमावून त्या भाऊ श्रीनिवासासह उपाशीपोटी पायी भटकल्या आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. म्हणूनच १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडताच त्या स्वतः तेथे गेल्या व सुमारे ३०० मुली आणि स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध! एवढ्या जणींना शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर त्यांचा संसार उभा राहिला. तेच पुढे मुक्ती मिशन झाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

समुपदेशनाची शास्त्रशुद्ध पद्धत तेव्हा कोठून असणार? भुकेने व भीतीने खचलेल्या त्या जीवांना रमाबाईंनी शाळा, शेती, विणकाम, छापखाना आणि प्रार्थना यांनी बांधलेला दिवस दिला. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. माझ्या मते हेच मनावरचे औषध होते.

१९२१ साली कन्या मनोरमा निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथेच देह ठेवला.