डॉक्टरच्या आडनावाचे गाव

साताऱ्याचे ते सातारकर, नागपूरचे ते नागपूरकर. गावावरून आडनाव पडण्याची रीत मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. इटलीतही ती जुनीच आहे. मिलानो, फेरारा, बोलोन्या ही शहरांची नावे आहेत, तशीच अनेक कुटुंबांची आडनावेही. लिओनार्दोच्या नावामागचे ‘दा विंची’ म्हणजे विंची गावचा, एवढेच. शिरांमधल्या झडपांचे वर्णन करणारे आणि पादुआ विद्यापीठात विल्यम हार्वीला शिकवणारे शरीररचनाशास्त्रज्ञ जिरोलामो फाब्रित्सियो हेही आक्वापेन्देन्ते या आपल्या गावाच्या नावासह इतिहासात राहिले.

उत्तर इटलीत, ब्रेशा प्रांतातल्या आल्प्सच्या डोंगरांत कोर्तेनो नावाचे एक लहान गाव आहे. तिथे मात्र उलटे घडले. १९५६ मध्ये या गावाने एका डॉक्टरचे आडनाव आपल्या नावाला जोडून घेतले आणि ते ‘कोर्तेनो गॉल्जी’ झाले. हे आडनाव आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. पेशीची आकृती काढायची, केंद्रक दाखवायचे, तंतुकणिका दाखवायच्या आणि एका बाजूला चपट्या पिशव्यांची चळत काढून बाण मारायचा – ‘गॉल्गी संकुल’. इटलीत त्याचा उच्चार गॉल्जी असा होतो.

कामिल्लो गॉल्जी यांचा जन्म ७ जुलै १८४३ रोजी या गावात झाला. गॉल्जी घराणे मूळचे तिथले नव्हते. वडील अलेस्सांद्रो पाविया शहराकडचे. सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून त्यांची कोर्तेनोत नेमणूक झाली होती. तेव्हा हा सगळा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. मुलानेही वडिलांचाच मार्ग धरला आणि पाविया विद्यापीठातून १८६५ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. सुरुवातीला ते मनोविकारतज्ज्ञ चेझारे लोम्ब्रोझो यांच्या हाताखाली काम करत होते. गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो, असे सांगून पुढे जगभर गाजलेले ते हेच लोम्ब्रोझो. मनाचे विकार मेंदूत शोधायला हवेत, ही ओढ गॉल्जींना इथेच लागली. मात्र नुसत्या तर्काने त्यांचे समाधान होईना. ज्युलिओ बित्सोझेरो हा वयाने त्यांच्याहून लहान, पण सूक्ष्मदर्शकात मुरलेला संशोधक पावियात होता. त्याने गॉल्जींना ऊतींचे काप घेऊन पाहण्याची गोडी लावली. पुढे त्याच्याच भाचीशी, लीना अलेत्ती यांच्याशी, गॉल्जींचे लग्न झाले.

संशोधनाने घर चालत नव्हते. विद्यापीठात कायमची जागा दिसत नव्हती, आणि मुलाने स्थिर पगाराची नोकरी धरावी असा वडिलांचा आग्रह होता. अखेर १८७२ मध्ये गॉल्जी मिलानजवळच्या अब्बियातेग्रासो या गावी, असाध्य आजारांच्या रुग्णांसाठी असलेल्या रुग्णालयात मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. तिथे ना प्रयोगशाळा, ना सोबतीला कुणी संशोधक. एखाद्याचे संशोधन अशा ठिकाणी कायमचे संपले असते. गॉल्जींनी राहत्या जागेतल्या स्वयंपाकघरातच आपला सूक्ष्मदर्शक मांडला.

त्या वेळी मेंदू पाहण्यातली अडचण काय होती, हे समजून घ्यायला हवे. मेंदूचा पातळ काप रंगवला की एक तर नीट काही दिसत नसे, नाहीतर सगळे एकदम दिसे. पेशींचे गाभे दिसत. पण त्यांच्यातून निघणारे धागे इतके बारीक आणि एकमेकांत इतके गुंतलेले, की कुठला धागा कुठल्या पेशीचा हे कळणे अशक्य. जुन्या वडाखाली उभे राहून अमुक पारंबी नेमक्या कुठल्या फांदीची हे सांगा म्हटले तर जे होईल, तेच.

गॉल्जींनी मेंदूचे तुकडे आधी पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात बराच काळ ठेवून कडक केले आणि मग ते सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवले. दोन रसायनांच्या संयोगातून सिल्व्हर क्रोमेटचे कण तयार झाले आणि ते पेशीच्या आत भरत गेले. पिवळसर पार्श्वभूमीवर एखादी पेशी मुळापासून टोकापर्यंत काळीभोर उठून दिसू लागली. गाभा, त्यातून फुटलेल्या फांद्या, एक लांबच लांब गेलेला धागा, त्या धाग्याच्या उपशाखा असे सगळे दिसले. या पद्धतीचे खरे मर्म तिच्या अपुरेपणात होते. ती सगळ्या पेशी रंगवतच नाही; शेकडा जेमतेम काही पेशी निवडते आणि बाकीच्या पारदर्शक सोडून देते. सगळ्याच काळ्या झाल्या असत्या, तर हाती नुसता काळा डाग आला असता. नेमक्या त्याच पेशी का निवडल्या जातात, याचा पूर्ण उलगडा आजही झालेला नाही.

ही ‘काळी प्रक्रिया’ १८७३ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातल्या छोट्याशा लेखातून प्रसिद्ध झाली. गॉल्जी तेव्हा तिशीत होते. बाहेरच्या जगाने बरीच वर्षे तिची फारशी दखल घेतली नाही. विद्यापीठाने मात्र घेतली. १८७५ मध्ये ते पावियात परतले, मध्ये थोडा काळ सिएनाला शिकवून आले आणि १८८१ पासून सामान्य विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून पावियातच स्थिरावले. स्नायू जिथे कंडरेला जोडला जातो, तिथे ताण मोजणारी संवेदनाग्रे असतात, हे त्यांनी याच काळात दाखवले. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

भारतीय वाचकाला अधिक जवळचे वाटावे, असे त्यांचे काम वेगळेच आहे आणि ते बहुतेकांना ठाऊक नसते. पावियाभोवती भातशेती, साचलेले पाणी आणि त्यामुळे हिवताप पाचवीला पुजलेला. फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान यांनी १८८० मध्ये रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला होता. रोममध्ये मार्कियाफावा आणि चेल्ली त्याचा पाठपुरावा करत होते. गॉल्जींनी १८८५ पासून रुग्णांचे रक्त ठरावीक वेळाने तपासायला सुरुवात केली. एक दिवस आड येणारा आणि दोन दिवस सोडून येणारा, अशा दोन हिवतापांची माणसाला फार जुनी ओळख आहे. आयुर्वेदात त्यांना तृतीयक आणि चातुर्थिक ज्वर म्हणतात. हे वेळापत्रक कोण पाळते, ते गॉल्जींनी शोधले. परजीवी तांबड्या रक्तपेशीत वाढतो, त्याचे तुकडे होतात, पेशी फुटते, नवे परजीवी रक्तात मोकळे होतात आणि त्याच सुमारास रुग्णाला हुडहुडी भरते. एका जातीचे हे चक्र ४८ तासांचे, दुसरीचे ७२ तासांचे. म्हणजे ताप दोन प्रकारचे, कारण परजीवीच दोन जातींचे. एकाच रुग्णात वेगवेगळ्या दिवशी पिकणाऱ्या दोन पिढ्या असतील, तर रोजही ताप येऊ शकतो, हेही त्यातून उलगडले. क्विनाइन ताप चढण्याच्या काही तास आधी द्यावे, म्हणजे नव्याने सुटणारे परजीवी त्याच्या तावडीत सापडतात, हा त्यांचा सल्ला याच निरीक्षणांतून आला. परजीवी डासात वाढतो हे १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी दाखवले. पण त्याआधीच रक्तातले अर्धे कोडे पावियात सुटलेले होते.

मेंदूकडे मात्र त्यांचे भांडण वाट पाहत होते. गॉल्जींच्या मते मेंदूतल्या पेशींचे लांब धागे एकमेकांत मिसळून एक अखंड जाळे तयार होते आणि मेंदू त्या जाळ्याने, एकसंधपणे काम करतो. पेशीच्या आखूड फांद्या केवळ पोषणासाठी आहेत, असे ते मानत. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८८७ मध्ये माद्रिदला एका सहकाऱ्याकडे गॉल्जींच्या पद्धतीने रंगवलेला काप पाहिला आणि ते त्या पद्धतीच्या मागेच लागले. त्यांनी कापांना चांदीचे दोन हात दिले, तसेच भ्रूणांचे मेंदू वापरले, कारण तिथे धागे कमी आणि स्वच्छ असतात. त्यांना जाळे कुठेच दिसले नाही. प्रत्येक पेशी स्वतंत्र होती. ती दुसरीच्या अगदी जवळ जाते, पण तिच्यात मिसळत नाही. १८९१ मध्ये जर्मनीच्या वाल्डेयर यांनी या स्वतंत्र पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले.

एकच पद्धत, एकसारखेच काप आणि निष्कर्ष परस्परविरोधी. काहाल यांच्या बाजूने पुरावे साचत गेले, तरी गॉल्जी हटले नाहीत. १९०६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. ११ डिसेंबरला ६३ वर्षांच्या गॉल्जींनी स्टॉकहोममध्ये व्याख्यान दिले, ते न्यूरॉनचा सिद्धान्त कसा टिकत नाही हे सांगणारे. सहविजेता श्रोत्यांत असताना, त्याच्याच कामाला नाकारणारे. दुसऱ्या दिवशी काहाल यांनी आपली बाजू मांडली. पारितोषिकाच्या मंचावर असा प्रसंग विरळाच. गॉल्जींचा हा हट्ट केवळ अहंकाराचा म्हणणे अन्यायाचे होईल. मेंदूचे काम सुट्या तुकड्यांनी समजणार नाही, ही त्यांची शंका अगदीच पोकळ नव्हती. पण तीस वर्षांत आलेल्या पुराव्यांना त्यांनी जवळपास काहीच किंमत दिली नाही, हेही खरे.

त्याआधी, १८९८ मध्ये, त्यांनी पावियाच्या वैद्यकीय संस्थेपुढे आणखी एक गोष्ट मांडली होती. गव्हाणी घुबडाच्या लहान मेंदूतल्या पेशी रंगवताना केंद्रकाभोवती एक नाजूक जाळीदार रचना दिसली होती. ‘आतली जाळीदार यंत्रणा’ असे त्यांनी तिला म्हटले. पुढची पन्नासेक वर्षे अनेक शास्त्रज्ञ ती खरी मानायला तयार नव्हते. चांदीचे कण जमून झालेला तो भास आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

गॉल्जी दीर्घकाळ पाविया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि १९०० पासून सिनेटरही. त्यांच्या प्रयोगशाळेत १९०३ मध्ये अदेल्की नेग्री यांना पिसाळलेल्या प्राण्यांच्या मेंदूपेशींत विशिष्ट कण आढळले. रेबीजचे निदान पुढे कित्येक वर्षे या ‘नेग्री बॉडीज’वरून होत राहिले. पहिल्या महायुद्धात गॉल्जींनी पावियातले लष्करी रुग्णालय चालवले. मूलबाळ नव्हते; त्यांनी पुतण्या-भाच्यांना माया लावली. २१ जानेवारी १९२६ रोजी पावियातच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या दोन जाळ्यांचा निकाल १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने लावला. पेशीच्या आतली रचना खरी निघाली. पेशीत तयार झालेली प्रथिने बांधून योग्य ठिकाणी रवाना करणारा तो विभाग आहे. मेंदूतले अखंड जाळे मात्र खोटे ठरले. दोन चेतापेशींमधली सूक्ष्म फट आता स्पष्ट दिसत होती. काही ठिकाणी चेतापेशी बारीक छिद्रांनी थेट जोडलेल्याही असतात, हे पुढे कळले, पण ते गॉल्जींच्या कल्पनेतले जाळे नव्हे.

त्याच दशकात कोर्तेनोने नाव बदलले. इटलीत ही प्रथा नवी नव्हती. गॉल्जींच्याच वर्षी साहित्याचे नोबेल मिळवणारे कवी कार्दुच्ची १९०७ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे बालपण जिथे गेले ते कास्तान्येतो ‘कास्तान्येतो कार्दुच्ची’ झाले. मायकेलअँजेलोचे काप्रेझे आणि मार्कोनीचे सासो यांनीही तेच केले. कोर्तेनोत आता गॉल्जींचे संग्रहालय आहे. गावाच्या पाटीवर हे आडनाव आले ते मुलाच्या कीर्तीने. पण कोर्तेनोच्या रुग्णांना ते त्याच्याही शंभर वर्षे आधीपासून ठाऊक होते – पावियाहून नेमणुकीवर आलेल्या डॉक्टर अलेस्सांद्रो यांचे आडनाव म्हणून.