जुन्या मराठी शब्दरूपांचे शोधक : इतिहासाचार्य राजवाडे

कतारमध्ये दोहा येथे नोकरीला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर विचारले, की गुरुजी, ज्ञानेश्वरीत 'देव' न म्हणता 'देवु' का म्हणतात? त्याच्या खोलीतले महाराष्ट्रीय सोबती पोथी वाचतात, ती ऐकून त्याला हा प्रश्न पडला. वाचकहो, अशाच प्रश्नांपायी ज्यांनी आयुष्य वेचले त्या विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची माहिती आज देतो.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा जिल्ह्यातील वरसई गावी झाला. तरुणपणीच पत्नी वारली. पुन्हा लग्न न करता ते जुनी दप्तरे शोधीत गावोगाव हिंडले. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथाचे २२ खंड काढले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने. इंग्रजी चांगले येत असूनही ते हट्टाने मराठीतच लिहीत.

ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढे नकलकारांनी आपापल्या काळाप्रमाणे शब्द बदलले, म्हणून १५८४ साली एकनाथमहाराजांना पाठ शुद्ध करावा लागला. राजवाडे यांना मराठवाड्यात एक पोथी मिळाली. ती एकनाथांच्याही आधीची, असे त्यांचे मत होते. १९०९ साली त्यांनी ती छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. 'देवु', 'जीवु' ही प्रथमेची रूपे, 'घरीं', 'ठायीं' ही सप्तमीची, अशी नामांची रूपे त्यांनी मांडून दाखवली. आपण आजही 'घरी', 'दारी', 'सकाळी' म्हणतो, ती त्याच जुन्या सप्तमीची उरलेली खूण. वर्गात हे सांगितले की मुले चकित होतात.

लॅटिन कवी व्हर्जिल यानेही 'औले'ऐवजी 'औलाइ' असे जुने षष्ठीचे रूप वापरले आहे. पण त्याच्या काळी ते रूप जुनेच झालेले होते, भारदस्तपणासाठी त्याने ते मुद्दाम घेतले. ज्ञानदेवांची रूपे त्यांच्या काळात जिवंत होती. ती जुनी झाली आपल्यासाठी.

राजवाडे यांचा स्वभाव तापट, मते टोकाची. त्यांच्या पोथीच्या जुनेपणाविषयी विद्वानांनी शंका घेतल्या, आणि त्या मूळ पोथीवरूनच मिटायला हव्या होत्या. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी जमवलेले कागद जपण्यासाठी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले. ती पोथी मात्र आज उपलब्ध नाही.